एकाच पोत्याचे दोन रिपोर्ट

मार्चअखेरीला मालकांनी दोन कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढून बसले. मालक लॅबमध्ये येऊन बसले की समजायचं, पैशाचं काहीतरी आहे. ब्रॉयलर स्टार्टरचं, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांच्या खाद्याचं, एकच पोतं, त्यातला नमुना दोन पिशव्यांत भरून दोन बाहेरच्या लॅबना पाठवलेला. एकीचं उत्तर : लायसिन (प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक) १.१८ टक्के. दुसरीचं : ०.१९.

"ह्यातलं खोटं कोण बोलतंय तेवढं सांगा, मॅडम. त्याचं बिल मी देत नाही."

खोटं कुणीच बोलत नव्हतं. हे मला त्याच दिवशी कळलं, खरं मालकांना पटेपर्यंत पावसाळा संपत आला.

बेळगावजवळ होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा खाद्य कारखाना आहे. मका आसपासचा, गिऱ्हाईक हुक्केरी-चिक्कोडीपासून खानापूरपर्यंत. पोत्यावरचा मजकूर कन्नडमध्ये, लॅबचे रिपोर्ट इंग्रजीत आणि भांडणं मराठीत, अशी कामाची वाटणी. लॅब म्हणजे मी आणि गोकाकची एक सहायक मुलगी. तोवर आम्ही ओलावा, राख, मीठ आणि कच्चं प्रथिन एवढंच करत होतो. अमिनो आम्लं बाहेर पाठवायची आणि येईल तो आकडा फाइलला लावायचा.

मक्यात लायसिन कमी, सोयापेंडीत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र करूनही कोंबडीची गरज भागत नाही, म्हणून वरून पावडर घालावी लागते. त्या फॉर्म्युल्यात टनाला २ किलो लायसिन हायड्रोक्लोराइड होतं. या पावडरीत प्रत्यक्ष लायसिन ७८.८ टक्के धरतात, बाकीचा मुख्य वाटा क्लोराइडचा. म्हणजे २ किलोत १.५७६ किलो, खाद्याच्या हिशोबात ०.१५८ टक्के. मक्या-सोयात मोकळं, म्हणजे प्रथिनात न बांधलेलं, लायसिन अगदी थोडं असतं, ते मिळवलं की ०.१९ च्या आसपास येतं. दुसऱ्या लॅबनं नुसतं मोकळं, पाण्या-आम्लात विरघळून बाहेर येणारं लायसिन मोजलं होतं. पहिलीनं खाद्य ६ नॉर्मल (नॉर्मल हे आम्लाच्या तीव्रतेचं माप) हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर दिवसभर शिजवून प्रथिनं पार फोडली होती आणि मका, सोया, पावडर सगळ्यातलं मिळून लायसिन दिलं होतं. आणि नमुन्यासोबतच्या अर्जावर माझ्याच अक्षरात काय होतं? 'लायसिन'. बस. टोटल की फ्री, एका शब्दानं लिहिलेलं नव्हतं.

हे मी मालकांना सांगितलं, फक्त अर्जावरचं अक्षर कुणाचं ते त्या दिवशी सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये त्यांनी कुठून तरी जुनी एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशिन) मिळवली आणि म्हणाले, "आता आपलं आपणच बघायचं." आपण बघायचं म्हणजे आधी पद्धत ठरवायची, आणि ठरवण्याआधी ती आपल्या हातात, आपल्या खाद्यावर चालते का ते तपासायचं.

मालकांचा पहिला सवाल : प्रथिनाचं मशिन आहेच की, त्यावरून नाही का कळणार? केल्डालची पद्धत १८८३ सालची, अजून जगभर चालते, पण ती फक्त नायट्रोजन मोजते. शुद्ध लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये नायट्रोजन १५.३ टक्के, नायट्रोजनवरून प्रथिन काढायला ६.२५ नं गुणलं की 'प्रथिन' जवळपास ९६. मेथिओनिनचं त्याच हिशोबानं ५९ च्या खाली येतं. आणि युरियाचं २९१! मी हे तीन आकडे फळ्यावर लिहिले. मालक २९१ कडे बराच वेळ बघत राहिले. काय विचार करत होते ते मी विचारलं नाही.

शुद्ध पावडर तपासणं त्या मानानं सोपं. लायसिन हायड्रोक्लोराइड थोड्या फॉर्मिक आम्लात विरघळवून ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्लात घ्यायचं, क्लोराइड बांधायला मर्क्युरिक अ‍ॅसिटेट घालायचं आणि पर्क्लोरिक आम्लानं टायट्रेट करायचं, म्हणजे ते थेंबाथेंबानं घालून किती लागलं ते मोजायचं. ०.१ नॉर्मलचा एक मिलिलिटर म्हणजे ९.१३ मिलिग्रॅम पावडर. पुस्तकात हे चार ओळींत येतं. बेळगावात येत नाही. ग्लेशियल अ‍ॅसिटिक १६.६ अंशांना गोठतं, आणि आमच्याकडे डिसेंबरच्या सकाळी पारा त्याच्याही खाली असतो. सकाळी आलं की कपाटातली बाटली दगड झालेली, मग ती बादलीतल्या कोमट पाण्यात ठेवून चहा प्यायला जायचं. मे महिन्यात उलटं. अ‍ॅसिटिक आम्ल तापमानाला फार फुगतं, अंशाला साधारण ०.१ टक्का. सकाळी २४ अंशांत स्टँडर्ड केलेलं द्रावण दुपारी ३५ अंशांत वापरलं तर एक टक्क्यावर फरक तिथंच पडतो. ९८.५ टक्के शुद्धता आहे की नाही ते बघायचंय आणि एक टक्का नुसत्या उन्हाचा! ब्युरेटजवळ थर्मामीटर टांगला आणि वहीत तापमानाचा रकाना काढला. पाऱ्याचा कचरा कॅनमध्ये साठवत जातो, तो वेगळाच डोक्याला ताप.

शिवाय टायट्रेशनला डावं-उजवं, म्हणजे एकाच रेणूची आरशातल्यासारखी दोन रूपं, एल आणि डी, कळत नाहीत. कोंबडीला एल लायसिनच लागतं, डी चालत नाही. मेथिओनिनच्या बाबतीत ती उदार आहे, डी रूपाचं शरीरात एल करून घेते, म्हणून बाजारात डीएल मेथिओनिन बिनधास्त खपतं. लायसिनची ही तपासणी पोलॅरिमीटरवर, प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणावर, होते. तो आमच्याकडे नाही, पण साखर कारखान्यांच्या मुलखात राहतो आपण. माझ्या वर्गातली एक जण एका कारखान्याच्या लॅबमध्ये रोज उसाच्या रसाचं पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढते. सीझन संपलेला, उपकरण झाकून ठेवलेलं. ८ ग्रॅम पावडर ६ नॉर्मल आम्लात १०० मिलिलिटर करून, धुराचा वास सहन करत, २० सेंटिमीटरच्या नळीत भरली. ३.३६ अंश आले, म्हणजे विशिष्ट वलन २१. जिथं असायला हवं तिथंच. तिथला म्हातारा केमिस्ट डोकावून म्हणाला, "एवढीशीच गोडी?" त्याच्या डोळ्यांना तेरा-चौदाची सवय.

पावडर चांगली आहे एवढं ठरलं. खरा घोळ पुढं होता, तीच पावडर टनभर खाद्यात मिसळल्यावर.

मोकळं लायसिन काढायची रीत ठरलेली आहे. दळलेलं खाद्य ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर हलवायचं, बरोबर आलेली प्रथिनं सल्फोसॅलिसिलिक आम्लानं खाली बसवायची, गाळायचं, पीएच जुळवायचा. मोठ्या लॅबमध्ये पुढचं काम आयन एक्स्चेंजचा कॉलम करतो. अमिनो आम्लं एकामागून एक बाहेर पडतात, निनहायड्रिनशी मिळून जांभळी होतात आणि ५७० नॅनोमीटरवर मोजली जातात. हे आपोआप करणारं यंत्र स्टाइन आणि मूर यांच्या प्रयोगशाळेतून १९५८ साली आलं. या दोघांना १९७२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. युरोपात आजही खाद्यातल्या अमिनो आम्लांसाठी अधिकृत पद्धत या घराण्यातलीच आहे. आणि तीसुद्धा एल-डी ओळखत नाही. लायसिन हायड्रोक्लोराइडमधून आलं की सल्फेटमधून, तेही सांगत नाही.

आमच्याकडे निनहायड्रिनची जोडणी नव्हती, म्हणून आम्ही ओपीएवर गेलो. हे रसायन अमिनो गटाला, म्हणजे अमिनो आम्लातल्या नायट्रोजनवाल्या भागाला, चिकटतं आणि ३३८ नॅनोमीटरवर दिसतं. त्याला सोबत मर्कॅप्टोइथेनॉल लागतं. त्याचा वास सांगायची सोय नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या युनिटमधली दोन माणसं धावत आली, "ओ बाई, गॅस फुटला काय?" दुसऱ्या दिवसापासून आम्ही ते काम त्यांच्या जेवणाची सुट्टी टाळून करायला लागलो.

तयार झालेलं संयुग मिनिटांत विटायला लागतं, आणि दोन अमिनो गट असलेलं लायसिन यात जास्तच नखरेल. आमचं इंजेक्शन हातानं. मी मिसळायची, सहायक मुलगी घड्याळ धरून "ओंदू, एरडू, मूरू" मोजायची, आणि बरोबर १२० ला मी खटका ओढायची. दोन दिवस ती रजेवर होती आणि मी अंदाजानं केलं. ते दोन्ही दिवस वहीत लाल शाईनं काट मारून आहेत.

स्टँडर्ड, म्हणजे माहीत प्रमाणाचं द्रावण, नीट यायला लागलं. सरळ रेष, सुंदर पीक (आलेखातलं टोक). मग खरं खाद्य घेतलं. एका नमुन्याचे एकेक ग्रॅमचे सहा भाग : ०.१४, ०.२५, ०.१७, ०.२२, ०.१५, ०.२१. मी कॉलम धुतला. दिवा बदलायचा म्हणून मालकांशी वाद घातला. नवा बफर केला. पुन्हा तसंच. आठवडा गेला आणि एका रात्री भाकरी थापताना डोक्यात आलं : एका ग्रॅममध्ये दाणे किती?

ताटलीत पीठ पसरून बोटानं हिशोब केला. टनाला २ किलो म्हणजे ग्रॅमला २ मिलिग्रॅम. अर्ध्या मिलिमीटरचा दाणा साधारण ०.०८ मिलिग्रॅमचा. म्हणजे एका ग्रॅम खाद्यात लायसिनचे जेमतेम २५ दाणे. मूठभर वाटाण्यांतून चिमूट उचलल्यासारखं ते. कधी २० येणार, कधी ३०. पंचवीसचं वर्गमूळ पाच, म्हणजे २० टक्क्यांचा हेलकावा नुसत्या नशिबाचा. दाणा मिलिमीटरभर असेल तर ग्रॅममध्ये तीनच. यंत्र बिचारं जे आलं ते प्रामाणिकपणे मोजत होतं. सासूबाई म्हणाल्या, "काय करूलाईस गं, पीठ वाळलं की."

दुसऱ्या दिवशी पाव किलो नमुना अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतका दळला, चौकोन पाडून समोरासमोरचे भाग उचलत कमी केला, आणि १ ऐवजी १० ग्रॅम घेतले. सहा आकडे ०.१८ ते ०.२० मध्ये बसले. दिवा बदलायची गरज नव्हती. (मालकांनी तो तोवर मागवला होता. अजून कपाटात आहे.)

मग रिकव्हरी, म्हणजे मोजून घातलेल्यातलं किती परत सापडतं ते. वरून काहीच न घातलेलं मका-सोयाचं खाद्य प्लँटमधून करून घेतलं. त्याचा स्वतःचा आकडा शून्य आला नाही, ०.०३ आला. धान्यातलं मोकळं लायसिन ते. हे वजा करायला विसरलं की रिकव्हरी ११५ टक्के येते आणि माणूस उगाच स्वतःवर खूष होतो. मोजून घातलेलं लायसिन तीन पातळ्यांवर परत मोजलं, दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, आणि मी बाहेर गेल्यावर मुलीनं एकटीनं. तिचे आकडे माझ्यापेक्षा एकसारखे होते.

इथं मी पद्धत झाली म्हणून फाइल बांधली. मग लेअरचं खाद्य आलं.

नमुन्यावर आम्ल ओतलं आणि फ्लास्क सोडावॉटरसारखा फसफसला. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी शिंपले आणि चुनखडी घालतात, आमच्या फॉर्म्युल्यात ९ टक्के. १० ग्रॅम खाद्यात ०.९ ग्रॅम चुनखडी, ती खायला लागतं १८ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल. माझ्या १०० मिलिलिटरमध्ये होतं १०. सगळं आम्ल चुन्यानंच पिऊन टाकलं. प्रथिनं नीट बसेनात, गाळलेलं द्रव गढूळ, आणि पीक डोंगरासारखं पसरलेलं. ब्रॉयलरवर उत्तम चाललेली पद्धत लेअरवर आडवी झाली. आता फसफसणं थांबेपर्यंत आधी जोरकस आम्ल थेंबाथेंबानं घालायचं, पट्टीनं पीएच बघायचा, मग पुढं. लेअरसाठी रिकव्हरी सगळी परत केली. दोन आठवडे गेले.

मेथिओनिनचं एकूण प्रमाण आम्ही हातात घेतलंच नाही. साध्या आम्लात शिजवताना ते थोडंफार जळतं, म्हणून आधी बर्फात परफॉर्मिक आम्लानं रात्रभर, १६ तास, त्याचं सल्फोन करून घ्यावं लागतं. स्फोटक प्रकार. ट्रिप्टोफॅन तर आम्लात साफ नाहीसंच होतं, त्याला क्षारात शिजवायचं. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या लॅबमध्ये या भानगडीत पडू नये, असं माझं मत. मालकांना ते त्यातला खर्च ऐकून पटलं.

जुलैत हुक्केरीकडचे एक लेअरवाले काका पावसात भिजत आले. हातात अंड्यांचा ट्रे. "ताई, अंडं हलकं झालंय बघा. आणि एकमेकांची पिसं उपटाय लागल्यात. खाद्य तुमचंच, कोंबड्या त्याच."

हलकी अंडी, पिसं ओढणं. मेथिओनिन कमी असल्याची शंका येण्यासारखंच. आमच्या मशिनवर फ्री मेथिओनिन लावलं. जिथं पीक हवं तिथं रेष सपाट. माझी चूक असेल म्हणून तोच नमुना बाहेर, निनहायड्रिनवाल्या लॅबला पाठवला. आठ दिवसांनी कागद आला : मुक्त मेथिओनिन आढळले नाही.

दोन पद्धती, दोन लॅब, दोन्हीकडं शून्य. मी मालकांना सांगितलं, पुरवठादारानं फसवलं. मालक फोन लावायला निघालेच होते. प्लँटचे मामा दारात उभे होते, ते म्हणाले, "घालतोय की आम्ही. बॅचला मोजून घालतोय. मीच घालतो."

"कुठलं पोतं?"

गोदामात नेऊन दाखवलं. मे महिन्यात आलेलं, भाव बरा मिळाला म्हणून मालकांनीच घेतलेलं. वर मोठ्या अक्षरात मेथिओनिन, खाली बारीक अक्षरात हायड्रॉक्सी अ‍ॅनालॉग, कॅल्शियम सॉल्ट. मी तिथंच पोत्यावर बसले. मेथिओनिनचा अमिनो गट काढून तिथं हायड्रॉक्सिल बसवला की हा पदार्थ होतो. कोंबडी तो शरीरात मेथिओनिन करून घेते. पण ओपीए काय, निनहायड्रिन काय, दोघंही अमिनो गटच शोधतात. जे नाहीच, ते दिसणार कसं? माझ्या एचपीएलसीतही तो असाच निघून गेला असणार, मी त्याला बघायला दिवा लावलाच नव्हता. त्यासाठी रसायन न चिकटवता सरळ अतिनील प्रकाशात, २१४ नॅनोमीटरच्या आसपास मोजायची वेगळी पद्धत आहे.

आणि एम.एस्सी.ला हे मी शिकले होते. पुरवठादाराला फोन गेला असता तर तोंड कुठं लपवायचं?

मामांना विचारलं, किती घालता. "पहिल्या मेथिओनिनएवढंच. किलोला किलो." या मिठात हायड्रॉक्सी अ‍ॅनालॉग साधारण ८४ टक्के असतं, कॅल्शियमचा वाटा १२ च्या आसपास. ते सगळं कोंबडीला मेथिओनिनइतकंच लागू पडतं असं धरलं तरी किलोला किलो घातलं की कमीच पडणार. आणि ते तितकं लागू पडतं का, यावर पोषणवाल्यांचंच एकमत नाही. म्हणजे शून्य चूक होतं आणि कमी पडलं हे बहुतेक खरं होतं. बहुतेक म्हणते, कारण काकांच्या कोंबड्या मेच्या उकाड्यात खाद्यही कमी खात होत्या, आणि त्यानंही अंडं उतरतं.

काकांना हे सगळं सांगायला मी त्यांच्या शेडवर गेले. लायसिन, अ‍ॅनालॉग, अमिनो गट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, "ते मशिनला दिसत नाही, कोंबडीला दिसतं. असंच ना?"

"असंच."

"मग वाढवून घाला की."

फॉर्म्युला त्याच आठवड्यात बदलला. नमुन्याच्या अर्जाला मी आता सहा रकाने केलेत : फ्री की टोटल, लायसिन म्हणून की हायड्रोक्लोराइड म्हणून, ओल्या वजनावर की कोरड्या, लेअर की ब्रॉयलर, कोणत्या पद्धतीनं, आणि सगळ्यात वर, गोदामातल्या पोत्यावर नेमकं काय लिहिलंय ते. हा पोत्याचा रकाना मामा भरतात. अक्षर वाकडं असतं, पण बारीक अक्षरातलं नावही सोडत नाहीत.

मालकांनी पहिल्या दोन्ही लॅबची बिलं दिली. हायड्रॉक्सी अ‍ॅनालॉगचं स्टँडर्ड मागवलंय, अजून आलेलं नाही. मुलगी विचारत होती, त्यालाही १२० मोजायचे का. म्हटलं, नाही, त्याला वासही नाही आणि घाईही नाही. तिला जरा वाईट वाटलं.